उड्डाण बघून झालं की आकाशाकडे बघता का?

ध्रुवमत्स्य

अवकाशवेड्यांत दोन जमाती असतात. रॉकेटवाल्यांचं जग उलटगणतीला सुरू होतं आणि उपग्रह सुटून टाळ्या झाल्या की संपतं. तारेवाल्यांचं जग अमावास्या कधी आणि ढग किती यावर चालतं. पहिल्यांना रोहिणी कुठली नि ज्येष्ठा कुठली ते सांगता येत नाही; दुसऱ्यांना पीएसएलव्ही काय, जीएसएलव्ही काय, सगळे सारखेच धूर सोडणारे. मी दोन्हीकडे पाय ठेवून आहे आणि दोन्हीकडची बोलणी खातो.

माझं म्हणणं असं की हे दोन छंद नाहीतच. उड्डाणाची वेळ आकाशातल्या भूमितीतून येते. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाकडे जाणारं यान घ्या. स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांनी कललेली आहे, आणि पृथ्वी त्या कक्षेच्या आत गरगर फिरतेय. प्रक्षेपणस्थळ ज्या क्षणी बरोबर त्या कक्षेच्या प्रतलाखाली येतं, तो क्षण उड्डाणाचा. हुकला की दुसरा दिवस, तोही साधारण २२-२४ मिनिटं आधी. यातली ४ मिनिटं तारेवाल्यांच्या रोजच्या ओळखीची आहेत, कारण तारे रोज तेवढेच लवकर उगवतात. उरलेली पृथ्वीच्या फुगीर पोटामुळे: त्याच्या ओढीने स्थानकाच्या कक्षेचं प्रतल रोज सुमारे ५ अंश पश्चिमेकडे सरकतं. ज्यांचे उपग्रह दर वेळी एकाच स्थानिक वेळेला डोक्यावरून जायला हवे असतात, ते हाच फुगवटा कामाला लावतात. कक्षेचा कल असा निवडतात की प्रतल रोज जवळपास १ अंश पूर्वेकडे सरकेल, म्हणजे सूर्याबरोबर.

मंगळाचंही तेच. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं आणि मंगळाची प्रतियुती (म्हणजे पृथ्वीवरून तो सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला दिसणं) पुढच्या एप्रिलमध्ये होती. मंगळ दर २६ महिन्यांनी लालबुंद होऊन रात्रभर दिसतो, त्याच्या काही महिने आधी यानं निघतात. आकाश बघणाऱ्याला प्रक्षेपणाचं वेळापत्रक अर्धं पाठ असायला हवं.

तर प्रश्न असा: उड्डाण बघितल्यावर ते जे काही वर गेलं ते नंतर शोधता का कुणी?

टी उणे दहा

शोधत नाही. मुद्दाम नाही. तारे कुठे पळून जात नाहीत हो, उड्डाण मात्र एकदाच होतं.

आणि "टाळ्या झाल्या की संपतं" हे काही खरं नाही. उड्डाण बघायलाही नजर लागते. इस्रोच्या एलव्हीएम३ रॉकेटचं प्रक्षेपण एखाद्या नवख्याला दाखवा आणि विचारा, मधलं इंजिन कधी पेटलं? तो म्हणणार, सुरुवातीलाच. जमिनीवरून उठताना पेटलेले असतात ते फक्त बाजूचे दोन घन इंधनाचे बूस्टर. मधला द्रव टप्पा पावणेदोन मिनिटांनंतर, बूस्टर अजून चिकटलेले असताना, हवेत पेटतो. दोन इंजिनं शेजारी शेजारी, दोन्ही 'विकास' नावाची. पडद्यावर ज्वाळेचा रंग आणि पोत बदलतो तिकडे बघा. पीएसएलव्हीच्या एक्सएल प्रकारात सहा पट्टा-बूस्टर असतात, त्यातले चार जमिनीवर पेटतात, दोन वर गेल्यावर. रशियाच्या सोयूझ रॉकेटचे चारही बूस्टर एकदम सुटतात तेव्हा निळ्या आकाशात धुराचा क्रूस उमटतो, कोरोलेव्हचा क्रूस म्हणतात त्याला. तो नीट चौफेर उमटला की पोटातली निम्मी भीती जाते. ११ ऑक्टोबर २०१८ ला तो वेडावाकडा उमटला होता, एक बूस्टर सुटताना मधल्या टप्प्यावर आदळला. ओव्हचिनिन आणि हेग हे दोघं अंतराळवीर सुटका यंत्रणेमुळे वाचले.

माझं सगळ्यात आवडतं उड्डाण मात्र जवळजवळ न झालेलं आहे. २१ ऑक्टोबर २०२३, गगनयानाच्या सुटका यंत्रणेची उड्डाणातली पहिली चाचणी. आधी हवामानामुळे वेळ पुढे ढकलली. मग गणती सुरू झाली, इंजिन पेटण्याची वेळ आली, आणि ५ सेकंद उरले असताना संगणकाने थांबवलं. सगळे गप्प. इस्रोचे तेव्हाचे प्रमुख सोमनाथ पुढे आले, काय झालंय ते बघून सांगतो म्हणाले. बहुतेकांनी खिडकी बंद केली असणार. १० वाजता यान उडालं आणि कुपी समुद्रात व्यवस्थित उतरली. त्या दोन तासांत समजलं की थांबवणारी यंत्रणा नीट चालणं हेही उड्डाणाइतकंच बघण्यासारखं असतं.

नवशिकी

मी या दोन्ही जमातींत नवी आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम उतरताना पाहिलं तेव्हापासून लागण झाली. दुर्बीण नाही. फोनमधलं ॲप सांगतं की स्थानक रात्री दीडला डोक्यावरून जाणार. स्वच्छ आकाशात उभी राहते, काहीच दिसत नाही. संध्याकाळी सातच्या फेऱ्या मात्र झकास दिसतात. असं का?

ध्रुवमत्स्य

ताई, ॲपच्या सेटिंगमध्ये "फक्त दिसणाऱ्या फेऱ्या" असा पर्याय असतो, तो चालू करा. स्थानकाला स्वतःचा उजेड नाही, ते सूर्यामुळे चमकतं. दीडला ते जातं खरं, पण पृथ्वीच्या सावलीतून.

ही सावली किती उंच असते याचा हिशोब सोपा आहे आणि एकदा केला की कितीतरी गोष्टी उलगडतात. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेला की बरोबर डोक्यावर सावलीची कड ३५ किमीवर असते. १२ अंश गेला की १४० किमी. १८ अंश, म्हणजे आपण तारेवाले ज्याला पूर्ण अंधार म्हणतो तेव्हा, सव्वातीनशे किमी. स्थानक ४०० किमीवर. म्हणून अंधार पडल्यावरही काही वेळ ते उन्हात असतं आणि आपण सावलीत. हीच ती वेळ.

बघताना एक करा. पश्चिमेकडून वर येईल, लुकलुकणार नाही, दिव्यांची उघडझाप दिसली तर ते विमान. डोक्यावरून पुढे पूर्वेकडे जाताना नजर हटवू नका. बऱ्याच फेऱ्यांत ते क्षितिजापर्यंत पोहोचतच नाही. मध्येच पिवळट होतं, मग तांबूस, आणि पाच-सात सेकंदांत विझतं. द्विनेत्रीतून (बायनॉक्युलरमधून) तो तांबूस टप्पा जास्त वेळ पुरतो. त्या क्षणी स्थानकावर सूर्यास्त होत असतो. दिवसात असे सोळा.

व्याध

वाचतोय. स्थानकाची फेरी सोडू नका असं माझंही म्हणणं. नोव्हेंबर २०२३ मध्ये अंतराळवीरांच्या हातून अवजारांची पिशवी निसटली होती, ती काही महिने स्थानकाच्या पुढे पुढे फिरत होती. सहाव्या प्रतीच्या आसपास (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितकं तेज जास्त). लोकांनी द्विनेत्रीतून ती पिशवी पाहिली आहे!

रात्रकिडा

सगळं छान चाललंय, मी जरा विरजण घालतो. (धागाकर्त्याने स्वतःच सावलीचा हिशोब मांडून माझं काम सोपं केलं.)

तोच हिशोब ५५० किमीला लावा. सूर्य २३ अंश खाली जाईपर्यंत डोक्यावरचा उपग्रह उन्हात. म्हणजे "पूर्ण अंधार" झाल्यावरही माझ्या फोटोत रेघा. मावळतीच्या बाजूला तर आणखी उशिरापर्यंत. वरच्या अक्षांशांवर उन्हाळ्यात सूर्य तेवढा खाली जातच नाही, तिथे रात्रभर. मे २०१९ मध्ये स्पेसएक्स कंपनीचे पहिले ६० स्टारलिंक उपग्रह एका रांगेत गेले तेव्हा सगळे "वा, आगगाडी" म्हणत होते. आता ते हजारोंच्या घरात आहेत. २०२२ मध्ये गेलेल्या ब्लूवॉकर ३ या उपग्रहाने आपला ६४ चौरस मीटरचा अँटेना उघडला आणि तो कधीकधी ०.४ प्रतीपर्यंत तळपला. आकाशात त्याहून तेजस्वी तारे हाताच्या बोटांवर मोजता येतील.

तेव्हा "एकच छंद" वगैरे राहू द्या. एकाचा छंद दुसऱ्याच्या डोक्यावरून जातोय, अक्षरशः.

टी उणे दहा

आलास का. वाटच बघत होतो.

रेघांचं म्हणशील तर तूच चाळीस फोटो एकावर एक रचतोस ना? एकाच फोटोत आलेली रेघ सरासरीतून गाळून टाकायचं काम प्रत्येक सॉफ्टवेअर करतं. आणि तुझे ते दुर्बिणींचे रंगीत फोटो कुणामुळे? हबल २४ एप्रिल १९९० ला शटलमधूनच गेली, आणि आरशातला दोष निघाल्यावर १९९३ मध्ये अंतराळवीर जाऊन दुरुस्त करून आले. जेम्स वेब २५ डिसेंबर २०२१ ला एरियान ५ ने नेली. ते उड्डाण इतकं अचूक होतं की मार्गदुरुस्तीसाठी ठेवलेलं इंधन वाचलं, आणि दहा वर्षांचं उद्दिष्ट होतं तिथे वीसेक वर्षं पुरेल एवढं शिल्लक राहिलं. रॉकेट नीट उडालं म्हणून दहा वर्षं जास्तीचं खगोलशास्त्र मिळालं. याला काय म्हणशील?

रात्रकिडा

याला मी धन्यवाद म्हणीन. एरियानला, तुला नाही.

फोटो रचून रेघा जातात, मान्य. ते माझ्यासारख्या हौशीचं झालं. सर्वेक्षण करणाऱ्या दुर्बिणी एका वेळी आकाशाचा मोठा तुकडा टिपतात, आणि त्यांना नेमकं तेच हवं असतं जे एकाच फोटोत आहे आणि दुसऱ्यात नाही. ते सरासरीत कसं गाळणार? शिवाय सूर्याच्या बाजूने येणारे लघुग्रह संधिप्रकाशातच शोधावे लागतात, बरोबर त्याच वेळी सगळे उपग्रह उन्हात. पृथ्वीवर आदळू शकणारे दगड शोधायची वेळ आणि तुमच्या आगगाडीची वेळ एकच.

कंपनीने प्रयत्न केले नाहीत असं नाही. जानेवारी २०२० मध्ये एक उपग्रह काळा रंगवून पाहिला, तो तापायला लागला. मग छत्री लावली, ती पुढे लेझर संपर्काच्या आड आली. आता उजेड दुसरीकडे परावर्तित करणारे थर लावतात. थोडे मंद झालेत, पण संख्या त्याहून वेगाने वाढतेय. आणि तुझं सॉफ्टवेअर डोळ्यात बसत नाही.

ध्रुवमत्स्य

रात्रकिडा, यात मी तुझ्या बाजूने आहे. उड्डाण आवडतं म्हणून पेलोडही, म्हणजे रॉकेटने नेलेलं सामानही, आवडलंच पाहिजे असं कुठे आहे. मी स्टारलिंकच्या उड्डाणात बूस्टर परत उतरताना डोळे फाडून बघतो आणि उरलेल्या भागाबद्दल शिव्याही देतो. दोन्ही एकाच संध्याकाळी.

एक जुनी गोष्ट मात्र सांगून ठेवतो. ४ ऑक्टोबर १९५७ नंतर जगभर लोकांनी अंगणात उभं राहून "स्पुटनिक" पाहिला म्हणून सांगितलं. स्पुटनिक होता ५८ सेंमीचा गोळा, साध्या डोळ्यांना जेमतेम. लोकांनी पाहिला तो त्याच्या मागोमाग कक्षेत फिरणारा रॉकेटचा मधला टप्पा. म्हणजे उपग्रह बघण्याची सुरुवातच रॉकेट बघण्याने झाली.

किरकिर रेडिओ

तुम्ही डोळेवाले भांडत बसा. ढग असले तरी माझं चालतं.

स्थानक १४५.८०० मेगाहर्ट्झवर अधूनमधून चित्रं पाठवतं, आवाजाच्या रूपात. साधा हॅण्डसेट आणि फोनमधलं एक ॲप पुरतं. लहरीची वारंवारता फेरीभर घसरत जाते, येताना सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर, जाताना तेवढीच खाली. घसरण सर्वांत वेगात होते तो क्षण स्थानक जवळ असल्याचा. न बघता कळतं.

आणि हौशींनी यातून काय काय काढलंय! १९६६ साली इंग्लंडमधल्या केटरिंगच्या शाळेत जेफ्री पेरी हे भौतिकशास्त्राचे शिक्षक पोरांना घेऊन सोव्हिएत उपग्रहांचे संदेश टिपत असत. एका उपग्रहाची कक्षा ओळखीच्या कुठल्याच तळाशी जुळेना, कारण तो प्लेसेत्स्क या गुप्त तळावरून निघाला होता. सोव्हिएत संघाने तेव्हा त्या तळाचं नावही घेतलेलं नव्हतं. २००५ च्या डिसेंबरमध्ये मुका झालेला नासाचा 'इमेज' नावाचा उपग्रह जानेवारी २०१८ मध्ये स्कॉट टिली या हौशी माणसाला बोलताना सापडला. शोधत होता भलताच उपग्रह.

सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा, म्हणजे पहिला, विक्रम चंद्रावर उतरत होता तेव्हाही नेदरलँड्समधली ड्विंगेलोची जुनी रेडिओ दुर्बीण चालवणारे हौशी त्याच्या लहरीची घसरण आलेखावर टाकत होते. इस्रोच्या पडद्यावरचा हिरवा ठिपका ठरलेल्या रेषेवरून खाली सरकला ते आपण पाहिलं. त्यांच्या आलेखात रेघ तुटली. नवशिकी ताई, तुम्ही पाहिलेल्या २३ ऑगस्टच्या मागे ही रेघ आहे.

नवशिकी

हे माहीत नव्हतं. आता तो पहिला प्रयत्नही शोधून बघते.

अर्धचंद्र

रॉकेटवाले आणि तारेवाले जिथे खरोखर एकत्र येतात ते कुणीच लिहिलं नाही: संधिप्रकाशातलं उड्डाण.

वरचाच सावलीचा हिशोब. खाली अंधार, रॉकेट चढत चढत सावलीतून उन्हात जातं. त्या उंचीवर हवा इतकी विरळ की इंजिनातून निघालेला वायू पसरतच जातो, शेकडो किमी रुंद, आणि सगळा उन्हात. निळसर पांढरा पंखा, पुढे एक टोचणारा ठिपका, टप्पा सुटला असेल तर मागे दुसरा बारीक ठिपका आणि त्याचे वायूचे फवारे. जेलीफिश म्हणतात याला. उड्डाण रात्री बाराला असेल तर फक्त ज्वाळा दिसते, दुपारी असेल तर फक्त धूर. पहाटे किंवा तिन्हीसांजेला सगळंच.

हे बघायला तळाजवळच असावं लागतं असंही नाही. १०० किमी उंचीवरचं रॉकेट ११०० किमी दूरच्या क्षितिजाला टेकलेलं असतं. क्षितिजालगतच्या धुरकटात काही दिसत नाही, म्हणून याच्या निम्मं अंतर धरा आणि ज्या दिशेला ते चाललंय ती बाजू मोकळी हवी. विमानांना आणि जहाजांना दिल्या जाणाऱ्या धोक्याच्या सूचना आधीच निघतात. त्यातले समुद्रातले चौकोन नकाशावर मांडले की रॉकेटची वाट दिसते. श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेसाठी निघालेल्या पीएसएलव्हीचे चौकोन सरळ रेषेत बसत नाहीत. श्रीलंका चुकवायला ती आधी आग्नेयेला जाते आणि मग दक्षिणेकडे वळते.

आणि बाहेर उभे असाल तर फोनवरच्या थेट प्रक्षेपणावर विसंबू नका. ते पंधरा-तीस सेकंद मागे असतं. तिकडे "दहा, नऊ" चालू असतं, इकडे रॉकेट वर. आवाज तर आणखी मागे, दर किमीला तीन सेकंद.

उड्डाणानंतर दीड-दोन तासांनी दुसऱ्याच खंडावर आकाशात फिरतं चक्र दिसलं की लोक परग्रहवासी आले म्हणतात. तो असतो गोल फिरता फिरता उरलेलं इंधन सोडून देणारा वरचा टप्पा. २४ मार्च २०२५ च्या संध्याकाळी युरोपात दिसलं ते तसलंच. नॉर्वेत ९ डिसेंबर २००९ ला दिसलेलं मात्र रशियाच्या फसलेल्या बुलावा क्षेपणास्त्राचं होतं.

व्याध

भर घालतो, परत येणाऱ्यांची. उल्का एक-दोन सेकंदांत संपते. रॉकेटचा तुकडा जळत येतो तो सावकाश, आडवा, मिनिटभरही टिकतो आणि त्याचे तुकडे एकाच वाटेने एकामागून एक जातात. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळचे व्हिडिओ परत बघा. काहीजण ठामपणे उल्का म्हणत होते, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूची भली मोठी कडी पडली. चिनी लाँग मार्च रॉकेटचा टप्पा असावा असं कक्षांवर लक्ष ठेवणाऱ्यांनी तेव्हाच सांगितलं होतं.

नवशिकी

अर्धचंद्र, पुन्हा पुन्हा वाचलं. शेवटचा प्रश्न, मग गप्प बसते. दुर्बीण घेऊ का?

रात्रकिडा

नको. आधी अंधार घ्या, तो फुकट आहे. वीस-तीस मिनिटं फोन न बघता उभं राहायचं. एक फोन उजळला की ती अर्ध्या तासाची कमाई गेली, म्हणून बॅटरी लाल. मग मंद वस्तूकडे थेट बघायचं नाही, जरा बाजूला नजर ठेवायची. डोळ्याच्या बरोबर मध्यभागी मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडाकार पेशी नसतात. देवयानी दीर्घिका अशीच सापडते, सरळ बघितलं की विरते, बाजूला बघितलं की उमटते. २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश.

त्यानंतर १०×५० ची द्विनेत्री. कृत्तिका, मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ, गुरूचे चंद्र (कोपर टेकवून). तिपाईवरची डगमगती दुर्बीण घेऊन लोक पहिल्या महिन्यात कंटाळतात.

आणि उत्तर मुकुट हा तारकासमूह आत्ताच ओळखून ठेवा. तिथला एक तारा १८६६ मध्ये आणि १९४६ मध्ये एकाएकी उजळला होता. ऐंशी वर्षांचा हिशोब धरला तर वेळ भरत आलीय. एरवी तो दहाव्या प्रतीचा, द्विनेत्रीतही मुश्किलीने. उजळला की दुसऱ्या प्रतीपर्यंत, आणि साध्या डोळ्यांना जेमतेम आठवडाभर. मुकुट आधी पाठ नसेल तर जास्तीचा तारा कुठला ते कळणारच नाही.

नवशिकी

कुठे शोधायचा?

रात्रकिडा

स्वाती आणि अभिजित यांना जोडणारी रेघ काढा. स्वातीकडून साधारण एक तृतीयांश अंतरावर सहा-सात ताऱ्यांचं अर्धवर्तुळ. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी पूर्वेला उंच.

टी उणे दहा

माझीही एक तारीख लिहून ठेव रात्रकिड्या. १३ एप्रिल २०२९, अपोफिस. तीन-साडेतीनशे मीटरचा दगड पृथ्वीच्या पृष्ठभागापासून ३२,००० किमीवरून जाणार, दूरचित्रवाणीच्या उपग्रहांच्याही खालून, आणि युरोप-आफ्रिकेतून साध्या डोळ्यांनी दिसणार. बेन्नू या लघुग्रहाची माती पृथ्वीवर टाकून पुढे निघालेलं नासाचं ओसायरिस यान त्यानंतर त्याला गाठणार आहे.

रात्रकिडा

लिहिली. अमावास्या आहे त्या दिवशी, बघून घेतलं. तिकडे जायचं तर तुला नेतो, पण लॅपटॉप घरी ठेवायचा.

टी उणे दहा

फोन चालेल? उजेड लाल करतो.